डाव्या पंखाखालची फरशी

२ मार्च

चि. तोफेस,

आशीर्वाद. घार उतरली. आता ती परत वर जाणार नाही.

तू टीव्हीवर बघितलं असशील तर माझ्यापेक्षा जास्तच दिसलं असेल. आम्ही कारखान्याच्या गच्चीवर उभे होतो आणि ऊन थेट डोळ्यांत येत होतं. ती दिसायच्या आधी ऐकू येते, हे तुला कधी सांगितलंय का? आकाशात कुठेतरी दोन धमाके होतात, लागोपाठ. आम्ही त्यांना थापा म्हणतो. एवढी अंतराळातून आलेली बाई, पण दार वाजवल्याशिवाय घरात येत नाही. मग धुक्यातून एक पांढरा ठिपका, मग पंख, आणि मग काहीच आवाज नाही. इंजिन बंद करून नुसती तरंगत उतरते. म्हणून तर घार.

एकोणचाळीस वेळा गेली आणि एकोणचाळीस वेळा आली. रंगकामवाल्याने डबा उघडला आणि सगळ्यांना एकेक बिस्किट दिलं. आम्ही ते खात उभे राहिलो, शाळा सुटल्यावर बसची वाट बघणाऱ्या मुलांसारखे.

दुपारी आम्हाला तिला हात लावू दिला. एकतीस वर्षं मी तिला हातमोजे घालूनच शिवले. आज उघडा तळवा. नाकाजवळ ठेवला. परतताना तिला जळू न देणारी फरशी खरखरीत लागली, उन्हात वाळलेल्या भाकरीसारखी. बाकीचे पोटाखाली गेले, आपापल्या फरश्या शोधायला. मी नाही गेले.

आता ती तुझ्या गावी येणार, संग्रहालयात. तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर. गंमत आहे की नाही? आयुष्यभर तू तिला शिव्या घातल्यास आणि म्हातारपणी ती तुझ्याच शेजारी राहायला येते आहे.

तुझी ताई


९ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

गंमत कसली. इथे सुतक पडलंय. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खोटं नाही. ज्या संपादकाने दहा वर्षं तिला पांढरा हत्ती म्हटलं, त्याने पहिल्या पानावर काळी चौकट छापली. औषधवाला माझ्या खोकल्याची बाटली बांधता बांधता रडला. मी विचारलं, तुमचा काय संबंध? म्हणाला, "काका, माझ्या जन्माच्या वर्षी ती पहिल्यांदा गेली. आता मला एकट्यालाच म्हातारं व्हायचंय." न्हावी म्हणतो, सगळं निवृत्त होतंय, माझी कात्रीच तेवढी राहिली. शाळेतल्या पोरांनी तिसऱ्या मजल्यावरून कागदाची यानं सोडली, ती गटारात पडली आणि मुख्याध्यापकांनी त्यावर भाषण केलं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त परिचारिका राहतात, तुला आठवत असतील. त्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, ती वर असली की मी झोपताना खिडकीतून हात हलवायचे, आता कोणाला हलवू? मी नुसती त्यांची पिशवी वरपर्यंत नेऊन दिली. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं, तू जाणतेसच.

पण रडण्याने माझं मत बदलत नाही. जे वर गेले त्यांच्यावर माझा राग कधीच नव्हता. वर बघता बघता जे खाली बघायचं विसरले, त्यांच्यावर आहे. आता याचंच बघ. संग्रहालयाच्या रस्त्यावर एकोणीस झाडं आहेत, निळ्या फुलांची. पंख रस्त्याहून रुंद, म्हणून एकोणीसही तोडायची असं नगरपालिकेने ठरवलंय. जी चाळीस वर्षं एका जागी उभी राहिली, त्यांनी जी एका जागी कधी थांबली नाही तिच्यासाठी मरायचं. आम्ही समिती केली आहे. मिरवणुकीच्या दिवशी मी पहिल्या झाडापाशी रस्त्यावर आडवा पडणार. तू उद्घाटनाला येशीलच. आधी मला ओलांडून जावं लागेल.

तुझा तोफ


१७ मार्च

चि. तोफेस,

मी उद्घाटनाला येणार नाही. संग्रहालयाचं पत्र आलं होतं. सगळ्यात जास्त वर्षं तिच्यावर काम केलेली बाई म्हणून मी ध्वनिमुद्रणासाठी बोलावं, ते लोकांना कायम ऐकवतील, असं त्यात आहे. मी नकार कळवला. गुडघे दुखतात असं लिहिलं. दुखतातही.

कारखाना हळूहळू रिकामा होतोय. मोठ्या दालनात घार उभी होती तिथे आता नुसती जमीन आहे, आणि वर छपरात चिमण्या. काल मी तिथे डबा खाल्ला. डोळे मिटले की ती अजून वर असल्यासारखी वाटते, सावलीही पडते. डोळे उघडले की ऊन.

तुला एक काम सांगते. झाडांचं तुझं चालू दे. पण ती तुझ्या रस्त्यावरून जाईल तेव्हा तिच्या पोटाकडे एकदा बघ. डाव्या चाकाचं दार असतं, त्याच्या मागे पंखाच्या बाजूला दुसरी ओळ. तिथे ४१७ नंबरची काळी फरशी आहे का, एवढं बघ.

आमच्यात एक रीत होती. नियमात नव्हती, पण सगळे करायचे. वीस हजार फरश्या, प्रत्येकीचा आकार वेगळा, प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात नंबर. चिकटवून झाली की त्या नंबराखाली, त्याच रंगात, लावणाऱ्याने आपली बारीक खूण करायची. कोणाचा बाण, कोणाचं पान. माझा अर्धा चंद्र. तपासणीवाल्या काकू, ज्यांनी मला हे काम शिकवलं आणि ज्यांना जाऊन पाच वर्षं झाली, त्यांच्या खुणा फक्त नाकावरच्या अगदी जुन्या फरश्यांवर आहेत. तपासणीत गेल्यावर त्यांनी गोंदाला हात लावला नाही. नुसत्या मागे उभ्या राहायच्या. कोणी घाई केली की म्हणायच्या, "गोंदाला गाडीची वेळ कळत नाही, बाई." माझ्याकडे बघून जरा जास्तच म्हणायच्या. तेव्हा हसू यायचं.

बघशील ना?

ताई


२१ मार्च

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार.

नाही बघणार. मी रस्त्यावर पडणार तो निषेधाला, नक्षीकाम बघायला नाही. समितीतल्या औषधवाल्याने (हो, तोच, रडून झाल्यावर आमच्यात आला) मला पंखाखाली मान वर करून बघताना पाहिलं तर काय म्हणेल? पुढाऱ्याने पुढारपण करावं, प्रेक्षकांनी प्रेक्षकपण.

आणि हे काय, एक फरशी आहे का बघ? तू एकतीस वर्षांत हजार तरी लावल्या असशील. म्हातारपणी माणसाला एखाद्या भांड्याचा लळा लागतो तसं झालंय तुझं. एवढं प्रेम आहे तर गुडघ्यांना पट्टा बांध आणि ये. ध्वनिमुद्रणाला नाही म्हणालीस हे मात्र मला पटलं नाही. मी तिचा वैरी असेन, पण तुझं काम खोटं नव्हतं. ज्याचं काम खरं त्याने बोललं पाहिजे. गप्प बसणारा माणूस अर्ध्या अन्यायाचा धनी असतो, हे मी सभांमधून किती वेळा सांगितलं असेल.

तोफ


२ एप्रिल

चि. तोफेस,

हे पत्र तीनदा फाडलं. हे चौथं.

तू लिहिलंस, काम खोटं नव्हतं. एक फरशी खोटी होती. ४१७.

अठरा वर्षांपूर्वीची गोष्ट. गोंद वाळायला सोळा तास लागतात. फरशी दाबपट्टीखाली ठेवायची आणि वाट बघायची, दुसरं काही नाही. पण कारखान्यात एक चोरटी युक्ती होती. गोंदात थुंकायचं. ओल लागली की तो चार तासांत आवळतो. आतून मात्र भुसभुशीत राहतो. हे मला नंतर कळलं असं लिहायला आवडलं असतं. पण काकूंनी दोनच दिवस आधी आम्हा सगळ्यांना बसवून सांगितलं होतं.

मी सकाळी दहाला फरशी लावली. गोंदात थुंकले. अडीच वाजता ओढून बघायचं यंत्र लावलं, फरशी टिकली, वहीत सही केली. तीनची गाडी पकडली.

कुठे जायचं होतं, आठवतंय का? तुझी पहिली मोठी सभा होती. तू आठ दिवस आधीपासून लिहीत होतास, ताई, तू आली नाहीस तर मी बोलणारच नाही. मी आले. तू मंचावरून म्हणालास, "माझी सख्खी बहीण त्या पांढऱ्या हत्तीच्या पोटाला फरश्या लावते. ती बघा, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारा, एवढं करून कोणाचं पोट भरलं?" लोक वळून बघून हसले. मीही हसले. माझ्या जिभेवर अजून गोंदाची चव होती.

दोन दिवसांनी परत आले तर घार उड्डाणाच्या मचाणाकडे गेली होती. तेव्हा बोलले असते तर तिला परत आणली असती. जीभ उचलली नाही. सात जण होते तिच्यात त्या वेळी. त्यातल्या एकीने आपल्या मुलीचा एक मोजा बरोबर नेला होता, पेपरात फोटो आला होता. घार उतरेपर्यंत मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर तळवा दाबून बसले, जणू दाबपट्टी मीच आहे. दोन थापा ऐकू आल्या तेव्हा हात काढला. मग पुढचं उड्डाण. आणि पुढचं. बावीस वेळा, तोफ.

तू विचारशील, जाऊन बघितलं का नाहीस. सभेहून परत आल्याच्याच आठवड्यात काकूंनी मला पोटावरून काढलं आणि पाठीवरच्या कापडी गोधड्या शिवायला बसवलं. डोळे थकलेत तुझे, म्हणाल्या. पुढे नव्या मुलींना शिकवायला लावलं. पोटाखाली जायला वेगळी परवानगी लागायची, आणि मागितली असती तर कोणीतरी विचारलं असतं, ४१७च का? पण हेही अर्धंच खरं. मला भीती वाटायची. बघितलं आणि ती जागा रिकामी असली तर?

तुला सांगितलं नाही, कारण तू भाषण केलं असतंस.

आता ठरव. मला ध्वनिमुद्रणाच्या यंत्रासमोर बसवून बोल म्हणतात. ती फरशी कशी आहे हे कळल्याशिवाय मी तिथे काय बोलू?

ताई


६ मे

ती. ताईस,

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावू नकोस. लिहायला बसायचो आणि ती तिसरी रांग दिसायची.

काल मिरवणूक झाली. सकाळी आठला मी पहिल्या झाडापाशी, रस्त्याच्या डाव्या कडेला आडवा पडलो. तुला आजवर पत्रात साष्टांग घातला. रस्त्यावर मात्र उताणा पडलो. पिशवीत पाण्याची बाटली, घोषणांचा कागद आणि दुर्बीण. औषधवाला म्हणाला, "काका, दुर्बीण कशाला?" मी म्हणालो, नगरपालिकेची अक्कल शोधायला.

लोक आधी दिसले नाहीत, ऐकू आले. मग आवाजही थांबला. शंभर चाकांची गाडी माणसाच्या चालीने येत होती, आणि पुढे गळ्यात कळांचा खोका अडकवलेला एक चालक पायी चालत ती हाकत होता. वळणावर आधी नाक दिसलं. ताई, मी तिच्याविरुद्ध अठरा वर्षं बोललो, पण मी तिला कधी बघितलीच नव्हती. मला वाटायचं ती चकचकीत असेल. ती तर भाजलेली आहे. पोटावर राखेचे ओघळ, जणू कोणी रात्रंदिवस चुलीपाशी बसून आलंय. गच्च्यांवर माणसं, खिडक्यांत माणसं. वरच्या परिचारिका बाई हात हलवत होत्या. भर दिवसा, चार पावलांवरून.

पंख माझ्यावर आला आणि सगळं थांबलं. निळी फुलं तिच्यावर पडत होती आणि मी तिच्या सावलीत पडलो होतो. चालक माझ्याजवळ येऊन उकिडवा बसला. म्हणाला, "काका, सावलीत झोपलात ते छान. पण ही सावली मला पुढे न्यायची आहे." मी म्हणालो, झाडं तोडणार असाल तर माझ्यावरून न्या. तो म्हणाला, "मला कोणी विचारलं असतं तर महिन्यापूर्वीच सांगितलं असतं. गाडी हातभर उचलून तिरकी सरकवता येते. पंख बहुतेक झाडं चुकवून जाईल. वळणावरच्या दोन झाडांचं मात्र काही करता येणार नाही." पाहा, आमची समिती, नगरपालिका, संपादक, सगळे एकमेकांवर ओरडत होतो आणि ज्याच्या हातात गाडी त्याला कोणी विचारलंच नाही. सतरा झाडं वाचली. दोन गेली. दोन झाडं जाणार असली तरी उठायचं नाही असं मी सभेत म्हणालो होतो. पण उठलो. का उठलो ते समितीला सांगितलेलं नाही.

फरशी आहे. डाव्या चाकाच्या मागे, दुसरी ओळ, नंबर ४१७. धडधाकट आहे, टवकाही उडालेला नाही. आता निवांत झोप, आणि ध्वनिमुद्रणाला ये.

तुझा तोफ


११ मे

चि. तोफेस,

फुलं कोणत्या रंगाची ते लिहिलंस. चालक कसा बसला ते लिहिलंस. औषधवाल्याचं बोलणं शब्दाला शब्द लिहिलंस. ज्या एका गोष्टीसाठी दुर्बीण नेलीस तिच्यावर तीन वाक्यं, आणि अर्ध्या चंद्राचं नाव नाही.

आयुष्यभर खरं बोललास, म्हणून खोटं बोलायची तालीम राहिली. माझ्यासाठी बोललास ते कळलं. आता खरं लिही. मी टेबलापाशी बसले आहे.

ताई


१४ मे

ती. ताईस,

चंद्र नव्हता.

नंबर तोच होता, फरशीही धड होती. पण खाली अर्धा चंद्र नव्हता. मी दुर्बीण पुसून तीनदा बघितलं. त्याच्या जागी एका ओळीत तीन ठिपके होते, बारीक, सारख्या अंतरावर. तुझी फरशी वरच कुठेतरी गळून पडली आणि पुढे कोणीतरी तिथे दुसरी बसवली, एवढंच मला उमगलं. त्या पंखाखाली पडल्या पडल्या मला तेच दिसत राहिलं. सात माणसं आणि तो मोजा. आणि तुला गाडी पकडायला लावणारा मी. तिसऱ्या रांगेतल्या माणसाकडे बोट दाखवून बोलणं किती सोपं असतं, ताई. म्हणून उठलो. आडवं पडून राहायचा हक्क मला आहे असं वाटेना.

दोष द्यायचा असेल तर अर्धा माझ्याकडे पाठव. मी तो घेईन, आणि त्यावर भाषण करणार नाही.

तोफ


२० मे

चि. तोफेस,

तुझं पत्र वाचून मी उठले आणि कारखान्यात गेले. जुनं सामान बांधायचं चाललंय. आता ४१७चं विचारायला कोणाची भीती? नव्या मुलींपैकी एकीने जादा फरश्यांचं कपाट उघडून दिलं. प्रत्येक फरशीची एक जुळी तिथे असते, बदलायची वेळ आली तर. चारशे सोळा होती. चारशे अठरा होती. मधला खण रिकामा, धूळ बसलेला. दुरुस्तीच्या वह्या आम्ही दोघींनी शेवटपर्यंत चाळल्या. ती फरशी बदलल्याची नोंद कुठेच नाही; वर गळून पडली असती तर नोंद टळली नसती.

तीन ठिपके काकूंचे, तोफ. नाकावरच्या जुन्या फरश्यांवर आहेत ते. दुसऱ्या कोणाचे नाहीत.

मी तुझ्या सभेला गेले तेव्हा त्यांनी वही उघडली असणार. दहाला लावली, अडीचला सही. साडेचार तासांत कोणाचाही गोंद वाळत नाही, हे त्यांना वाचूनच कळलं. मग त्या दोन दिवसांत, घार मचाणाकडे जायच्या आत, स्वतः पोटाखाली शिरल्या, माझी फरशी काढली, दुसरी बसवली आणि पूर्ण सोळा तास थांबल्या असतील. लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. ठिपके मात्र दिले. रीत ती रीत.

माझी फरशी कधी वर गेलीच नाही. बावीस वेळा मी टेबल दाबून बसले ते काकूंच्या हातच्या कामासाठी, आणि त्याला माझ्या दाबाची काही गरज नव्हती.

पहिल्यांदा राग आला, खरं सांगते. अठरा वर्षं. मला एक शब्द सांगितला असता तर मी सुखाने झोपले असते. रिकाम्या दालनात जाऊन बसले, छपरातल्या चिमण्या बघत. आणि मग त्या मागे उभ्या असल्यासारखं वाटलं, हात पाठीशी बांधून, आणि तेच वाक्य. गोंदाला गाडीची वेळ कळत नाही, बाई. बाकी कोणाला काय कळणार ते. तीनच्या गाडीने मी गेले होते, दुसरं कोणी नाही. रोज सांगत होत्या. मी हसत होते.

संग्रहालयाला कळवलं आहे की येते. त्या यंत्रासमोर बसून सगळं बोलणार, थुंकीसकट. काकूंनी जी नोंद केली नाही ती मी करते. त्यांनी नियम मोडला असं कोणी म्हणालं तर त्याला उत्तर द्यायला तू आहेस. तिथे हवं तेवढं भाषण कर. आणि त्या चालकाला पुन्हा भेटलास तर माझा नमस्कार सांग. ज्याच्या हातात काम त्याला विचारावं, हे काकूही म्हणायच्या.

शनिवारी दुपारच्या गाडीने निघते. डबा, गुडघ्याचा पट्टा, सगळं आवरायला वेळ लागेल. चुकलीच तर संध्याकाळच्या गाडीने येईन. तू स्टेशनवर बस.

तुझी ताई